दादीचा बधना आणि चिंचेचे पाणी

रमजानचा चाँद दिसायला आठ-दहा दिवस उरले की आमच्या घरी दोन कामे निघतात. एक, पडदे धुणे. दुसरे, माळ्यावरचे पितळ खाली उतरवणे. पडदे मशीनमध्ये जातात, त्यांचे काही विशेष नाही. पितळेला मात्र एक अख्खा रविवार लागतो.

गोणपाटातून एकेक वस्तू बाहेर येते. हात धुण्याची चिलमची, अम्मीच्या रुखवतातले पानदान, मान मोडलेली गुलाबपाश, इफ्तारचे खजूर ठेवायचे तबक, बिर्याणीची तांब्याची देग, शरबताचे मोठे पातेले आणि सगळ्यांत शेवटी दादीचा बधना. बधना म्हणजे तोटीचा लोटा. नमाजआधी हात, तोंड, पाय धुतात त्याला वजू म्हणतात. नळ घरात येण्याआधी वजू या बधन्यातूनच व्हायची. तोटीमुळे धार बारीक पडते आणि एका लोट्यात एका माणसाची वजू निभते. वाघोलीत टँकरची वाट बघणाऱ्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मुस्लिम घरात एवढे पितळ कशाला, असे एका मैत्रिणीने विचारले होते. तिच्या डोळ्यांसमोर पितळ म्हणजे समई, निरांजन आणि देवघर. तिला सांगितले ते इथेही सांगते. सोन्या-चांदीच्या भांड्यात खाणे-पिणे इस्लामने मना केले आहे. पितळेला तशी मनाई नाही. उलट सहीह बुखारीत अब्दुल्ला बिन जैद (र.) यांची एक आठवण आहे. पैगंबर साहेब (स.) त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांना पितळेच्या भांड्यातून पाणी दिले आणि त्यांनी त्या पाण्याने वजू केली. ‘पितळनगरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये हे काम करणाऱ्या कारागिरांत मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत. आमचा बधनाही मुरादाबादी आहे, असे दादी सांगायची. विकणाऱ्याने तिला तसे सांगितले असणार. खरेखोटे अल्लाह जाणे.

दादी नगरची. आजचे अहिल्यानगर. आमची वाघोली त्याच नगर रस्त्यावर, त्यामुळे दादीचे सामान एस.टी.च्या टपावरून हळूहळू इकडे आले. बधन्याच्या पोटावर तिचे नाव घातलेले आहे. भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार छिन्नीने टिंब टिंब ठोकून नाव आणि तारीख उमटवायचा, आता त्याला मशीन आले. दादीच्या नावाची मी लहानपणी बोट फिरवून अक्षरे वाचलेली आहेत. आज त्यातले शेवटचे ‘बी’ तेवढे धड वाचता येते. बाकीचे नाव कुणी चोरले नाही. आम्हीच घासून घासून घालवले. अम्मीने विटकरीच्या भुग्याने आणि मी तारेच्या घासणीने, दर रमजानला थोडे थोडे.

म्हणून यंदा घासायला बसण्याआधी म्हटले, हे पितळ काळे का पडते ते तरी समजून घ्यावे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. भांड्यांच्या पितळेत साधारण दोन तृतीयांश तांबे आणि उरलेले जस्त असते. जस्त जास्त असेल तर रंग फिका पिवळा, तांबे जास्त असेल तर लालसर सोनेरी. हवेतला प्राणवायू आणि ओल लागली की वरच्या तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. पितळ आधी मंद होते, मग तपकिरी. हवेत गंधकाचा वायू असेल, म्हणजे गटाराचा, धुराचा किंवा उकडलेल्या अंड्यांचा, तर थर काळपट होतो. मीठ लागले तर हिरवे डाग येतात. त्याला आमच्याकडे जंगाल म्हणतात. आपल्या बोटांच्या घामातही मीठ असते. घासलेल्या तबकावर चार दिवसांनी ठसे उमटतात ते पोलिसांनी घ्यावेत इतके स्वच्छ असतात.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०१४ ते २०१६ या वर्षांत तो पावसाळ्याच्या तोंडावर किंवा भर पावसात आला होता. तेव्हा रविवारी घासलेला बधना गुरुवारी मळकट व्हायचा. यंदा थंडी सरता सरता रोजे आले आहेत, हवा कोरडी आहे, चमक महिनाभर टिकावी. पण वाघोलीची आपली दोन दुखणी आहेतच. एक दगडखाणी आणि बांधकामांची धूळ. धूळ नुसती बसत नाही, ती ओल धरून ठेवते. दुसरे बोअरचे आणि टँकरचे जड पाणी. भांडे धुऊन तसेच निथळत ठेवले की पांढरे टिपके उरतात आणि टिपक्याभोवती पितळ आधी काळवंडते. २०२१ मध्ये आमचे गाव पुणे महापालिकेत गेले. पाणी मात्र अजून टँकरनेच येते.

आता चिंच. शेजारच्या काकू गौरी-गणपतीला समया घासतात तेव्हा माझ्याकडून चिंच नेतात आणि रमजानच्या आधी मी त्यांच्याकडून. हिशेब आम्ही कुणीच ठेवलेला नाही. गावाकडे मोहरमचे पितळी पंजेसुद्धा चिंचेनेच उजळतात आणि ते घासायला सगळ्या जातींची पोरे बसलेली असतात. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. आमसूल, आंबट ताक, कैरीचे पाणी, सगळ्यांचे काम तेच. आम्ल तो ऑक्साइडचा थर विरघळवते आणि चिमूटभर मीठ त्याला जोर देते. म्हणजे घासायची गरज खरे तर फार कमी असते. काम आम्लाने करायचे, मनगटाने नाही. हे मला चाळिशीत कळले.

चिंच कोमट पाण्यात कोळून दाटसर ठेवायची, कापडाने भांड्यावर लावायची, दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि बोटांनी किंवा मऊ फडक्याने फिरवायची. नक्षीत अडकलेल्या काळ्यासाठी जुना टूथब्रश. मग पाण्याने धुवायचे. इथे बहुतेक जणी थांबतात आणि दोन दिवसांनी तक्रार करतात की चिंचेने घासलेले लवकर काळे पडते. पडणारच. फटींत आम्ल आणि मीठ उरलेले असते आणि पितळेचे अंग उघडे पडलेले असते. म्हणून चिंचेनंतर साबणाच्या किंवा चिमूटभर खायच्या सोड्याच्या पाण्याने एकदा धुवावे, शेवटची धार फिल्टरच्या पाण्याची द्यावी आणि लगेच, म्हणजे अगदी लगेच, जुन्या सुती ओढणीने कोरडे करावे. मग अर्धा तास उन्हात.

आणि भांडे चिंचेत रात्रभर भिजवू नये. आमच्या पानदानाचे झाकण मी एकदा असे भिजवले. सकाळी त्यावर गुलाबी-तांबूस डाग. मला वाटले मळ राहिला, अजून घासले. तो मळ नव्हता. आम्लाने पितळेतले जस्त खाऊन टाकले होते आणि मागे उघडे तांबे राहिले होते. ते आता पुन्हा पिवळे होणार नाही. वरून चकाकी आणता येते, गेलेले जस्त आणता येत नाही.

पितांबरीसारखी पावडर वापरायला माझी हरकत नाही. मीही वापरते. हात दुखत नाहीत आणि काम पटकन होते. फक्त कोणतीही पावडर म्हणजे थोडे आम्ल आणि थोडी घर्षणाची भुकटी, हे लक्षात ठेवावे. राख, रांगोळी आणि वीट तर निव्वळ घर्षण. साध्या परातीला चालते, नाव घातलेल्या किंवा नक्षीच्या भांड्याला नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांबट वस्ती करून आहेत. त्यांच्या तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे एकसारखे ठोके असतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते ठोके हीच त्या भांड्याची शोभा. वीट घासली की आधी तेच बोथट होतात.

इथवर बाहेरच्या अंगाचे झाले. आता आतल्या अंगाचे सांगते. ते सांगायला मला थोडी लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत इफ्तार ठेवला होता. रोजेदार आणि शेजारी मिळून चाळीसएक माणसे. शरबताला दादीचे मोठे पातेले काढले. बाहेरून चिंचेने लखलखीत केले. आतून बघते तर राखाडी, मळकट पांढरे. म्हटले बाहेर सोने आणि आत राख, हे कसे दिसेल? तारेची घासणी घेतली आणि तासभर खपून आतूनही पिवळेधमक केले. दुपारी तीनला त्यात लिंबाचे शरबत केले. सब्जा घातला, बर्फ सोडला, झाकून ठेवले. मगरीबची अजान पावणेसातच्या सुमारास झाली. खजूर तोंडात टाकून लोकांनी पहिला पेला शरबताचाच उचलला.

चव तुरट, धातूसारखी लागली. मी म्हटले लिंबू कडवट निघाले असतील. दिवसभर उपाशी पोट, तहान लागलेली. लोकांनी पेला संपवला, मुलांनी दोन-दोन प्यायले. तरावीहच्या नमाजला माणसे उभी राहायच्या आत तीन मुलांना उलट्या सुरू झाल्या आणि मोठ्यांपैकी काहींना मळमळ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, “शरबत कशात केले होते?” रात्रीपर्यंत सगळे बरे झाले, अल्हमदुलिल्लाह. पण त्या मुलांतला एक काकूंचा नातू होता. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

जो राखाडी थर मी मळ समजून खरवडला, ती कल्हई होती.

आपल्या भाषेत यासाठी शब्द आहे, ‘कळकणे’. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, आमटी कळकते. आंबट पदार्थ तांब्याला विरघळवतो आणि ते पोटात जाते. थोड्याने मळमळ, जास्तीने उलट्या. हा शब्द मला ठाऊक होता. अम्मीच्या तोंडून शंभर वेळा ऐकला होता. स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या हातांना तो आठवला नाही, एवढेच.

कल्हई म्हणजे कथिलाचा लेप. कथील आंबटाला तांब्याइतके भुलत नाही, म्हणून ते मध्ये पडदा धरते. दादीच्या गल्लीत कल्हईवाला सायकलवर यायचा. रस्त्याच्या कडेला खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता लावायचा. भांडे आधी कॉस्टिक सोड्याने आणि वाळूने स्वच्छ करायचा, मग सांडशीत धरून तापवायचा. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा. तो वास ज्याने घेतला आहे त्याला तो जन्मभर विसरत नाही. नवसागर धातूवरचा उरलासुरला ऑक्साइड काढून टाकतो. मग कथिलाची कांडी आतून टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणजे धातूंच्या मानाने फारच लवकर. कापसाच्या बोळ्याने ते गरागरा फिरवले की काळ्या पोटात चांदी पसरायची. लगेच भांडे पाण्यात. चर्रर्र! आम्ही पोरे त्या एका आवाजासाठी तासभर उकिडवे बसायचो. रमजान आणि दिवाळी हे त्याचे दोन हंगाम, असे तो सांगायचा.

त्या इफ्तारनंतर मी वाघोलीत कल्हईवाला शोधला. सापडला नाही. वॉचमन, भंगारवाला, चौकातला सायकलवाला, सगळ्यांना विचारून झाले. एकाने तर नॉनस्टिक कोटिंगचा पत्ता दिला. शेवटी शहरात, पेठेतल्या भांडीबाजारात विचारत विचारत एक म्हातारे चाचा मिळाले. त्यांनी पातेले उलटसुलट केले आणि म्हणाले, “बेटा, इतनी मेहनत से कल्हई कोई नहीं निकालता. हमको भी आधा घंटा लगता है.” मी काय बोलणार?

त्यांच्याकडून दोन-तीन गोष्टी शिकले, त्या उपयोगी आहेत. कथील शुद्ध हवे. स्वस्तात करणारे त्यात शिसे मिसळतात आणि शिसे हे विषच आहे. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक कुरकुर ऐकू येते. शिसे मुकाट वाकते. चाचांनी कांडी माझ्या कानाशी वाकवून दाखवली. खरोखर कुरकुरली. दुसरे, कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. २३२ अंश गाठायला मोठ्या शेगडीला वेळ लागत नाही आणि मग कथील ओघळून एका जागी गोळा होते. आत लाकडी डाव वापरावा. घासायला मऊ फडके आणि साधा साबण, राख नको, तार तर नकोच. आत पिवळा किंवा तांबूस रंग डोकावू लागला की भांडे कल्हईला द्यायचे. तोवर त्यात लिंबू, चिंच, टोमॅटो, दही काही नाही. देगेत आमच्याकडे बिर्याणी होते, तिला दही लागते. म्हणून देग दरवर्षी चाचांकडे जाते. पातेल्यात आता कल्हई करूनही मी शरबत करत नाही. त्यात वाटण्याआधी पाण्याच्या बाटल्या गार करते. शरबत स्टीलमध्ये.

उरला प्रश्न चमक टिकवण्याचा. दुकानातून नवे आणलेले शोभेचे पितळ महिनोन्‌महिने पिवळे राहते, कारण त्यावर लॅकरचा पारदर्शक थर असतो. त्याला चिंच किंवा पावडर लावू नये, ओल्या फडक्याने पुसणे पुरे. लॅकर कुठे निघाले की तिथूनच आत ओल शिरते आणि थराखाली काळ्या रेघा पळतात. तेव्हा नखांच्या पॉलिश रिमूव्हरने, म्हणजे अॅसिटोनने, सगळा थर काढून पुन्हा नव्याने सुरुवात करावी. खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून. बाहेरच्या पितळी पाट्यांना आणि पुतळ्यांना लावायचे इन्क्रालॅक नावाचे लॅकर १९६० च्या दशकात तांबे उद्योगाच्या संशोधनातून निघाले. त्यात बेन्झोट्रायझोल नावाचे रसायन असते, ते तांब्याला धरून बसते आणि गंज रोखते. हे सारे शोभेच्या वस्तूंसाठी. ज्यात खायचे-प्यायचे किंवा जे चुलीवर चढते त्याला लॅकर नाही.

घरच्या वस्तूंना माझा उपाय साधा आहे. भांडे पुरते कोरडे झाले की खोबरेल तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन अंगभर पुसते आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने तेल दिसेनासे करते. हा इलाज रमजानपुरता ठीक, पण तेल धूळ धरते आणि कालांतराने चिकट होते. माळ्यावर जायचे असेल तर मेण बरे. संग्रहालयांत धातूंसाठी सूक्ष्म स्फटिकांचे मेण वापरतात. आपल्याला फर्निचरचे चांगले मेणपॉलिश चालते. पातळ लावायचे, दहा मिनिटांनी चोळायचे. मग प्रत्येक वस्तू जुन्या सुती कापडात गुंडाळायची. लोकरी कापड नको आणि रबरबँड तर बिलकूल नको. दोन्हींत गंधक असते आणि रबरबँडची काळी रेघ पितळेवर कायमची उमटते. कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. चपलेच्या खोक्यातल्या साठवून ठेवल्या तरी चालतात.

काच पुसायचा अमोनियाचा फवारा पितळेवर मारू नका. यामागे आपल्याच देशातली एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या फौजेत पितळेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली असायची आणि बघता बघता त्यांना तडे जायचे. ऋतूत तडकतात म्हणून त्याला नावही ‘सीझन क्रॅकिंग’ असे पडले. पागेतल्या मुताचा अमोनिया, पावसाची ओल आणि ठोकून घडवलेल्या पितळेत दबून राहिलेला ताण, हे त्यामागचे कारण १९२१ मध्ये नीट मांडले गेले. ठोकून घडवलेल्या लोट्यातही असा ताण असतो. त्यामुळे बधना न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवायची आमची जुनी सोय मी बंद केली.

काळे पडणे सगळीकडे वाईटच मानतात असे नाही, हेही सांगून टाकते. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे बीदरला जस्तात थोडे तांबे मिसळून भांडी ओततात, त्यात चांदीची तार ठोकतात आणि मग किल्ल्यातली माती व नवसागर लावून ते मुद्दाम काळे करतात. काळ्यावर चांदी उठून दिसते. माझ्या नणदेने असली बिदरी सुरई मोठ्या हौसेने चिंचेने घासायला घेतली होती. वेळेवर हात धरला.

तर, यंदाचा रविवार. तबक, चिलमची, गुलाबपाश चिंचेने झाली. पानदानाच्या गुलाबी डागांकडे काकूंनी बोट दाखवले, मी विषय बदलला. काकूंच्या नातवाने चिंच कोळली, मी पुसत गेले. देग आणि पातेले रिक्षाने चाचांकडे रवाना. बधन्याची तोटी आणि गळा तेवढा उजळला. पोटाला नुसते साबणाचे पाणी, मऊ फडके आणि मेण. त्यामुळे तो आता वर पिवळा आणि पोटावर तपकिरी, असा दोन रंगांचा झाला आहे. तिरप्या उन्हात धरला तर त्या तपकिरी अंगात ‘बी’च्या आधीची दोन-तीन टिंबे दिसतात. काना असावा.

रात्री नगरहून अम्मीचा फोन आला. रमजानची यादी झाली, शेवयांचे झाले, मग तिने विचारले, “बधना चमकाया क्या?”

म्हटले, “नाही अम्मी. नुसता पुसला.”

तिकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, “फोटो भेज. नाम की तरफ से.”